वाहकता आणि संक्रमण-गुणांक : एका फारकतीचा इतिहास



ज्या शिक्षकांच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांनी आपल्या हयातीत पदार्थविज्ञानच शिकवले. म्हणून आजचा विषय मी त्यांच्याच फळ्यावरून उचलला आहे. पदार्थाची औष्णिक वाहकता आणि उष्णतेचा संक्रमण-गुणांक या दोन राशींचे परस्परांशी नाते काय, असा तो विषय. ऐकताना तो रुक्ष वाटेल. परंतु या दोन राशी वेगळ्या आहेत हे ओळखण्यास युरोपातील उत्तमोत्तम बुद्धींना शंभरांहून अधिक वर्षे लागली, आणि त्यांचा पुन्हा मेळ घालण्यास आणखी जवळजवळ शतक गेले. या इतिहासातील एक प्रकरण आपल्या इंदूरच्या मातीत घडलेले आहे. त्याच्याकडे येण्यासाठीच हा सारा प्रवास.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे, कारण इंदूरच्या मराठी मुलाच्या वाट्याला तो दुपटीने येतो. मराठी पुस्तकात उष्णता जाण्याचे तीन मार्ग आहेत: वहन, अभिसरण आणि प्रारण. हिंदी पुस्तकात तेच तीन मार्ग चालन, संवहन आणि विकिरण या नावांनी भेटतात. आता मराठीत 'संवाहक' म्हणजे जिच्यातून उष्णता वा वीज वाहते ती तांब्याची तार. आणि हिंदीत 'संवहन' म्हणजे पाण्याच्या वा हवेच्या हालचालीने उष्णता नेली जाणे. एकच संस्कृत क्रियापद, एकच उपसर्ग, आणि नर्मदेच्या अलीकडे-पलीकडे अर्थ निराळे! घरी मराठी आणि वर्गात हिंदी अशा दोन होड्यांत पाय ठेवून शिकलेल्या कित्येक पिढ्यांना ही गाठ सोडवावी लागली. पण दोष केवळ परिभाषेचा नाही. निसर्गातही या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की त्या वेगळ्या काढणे हेच मुळी कठीण.

वाहकता ही पदार्थाची स्वतःची मालमत्ता आहे. वॅट, मीटर आणि अंश सेल्सिअस या मापांत तांब्याची वाहकता ४०० च्या आसपास, लोखंडाची ८०, साध्या पोलादाची ५०, घरगुती स्टेनलेस स्टीलची १५, विटेची पाऊण, पाण्याची ०.६ आणि स्थिर हवेची अवघी ०.०२६. तांबे इंदुरात असो वा लंडनमध्ये, लोट्यात असो वा तारेत, त्याचा आकडा तोच. संक्रमण-गुणांकाचे तसे नाही. तापलेल्या पृष्ठभागाच्या एका चौरस मीटरातून, एका अंशाच्या फरकाने, सेकंदाला किती उष्णता भोवतालच्या हवेत किंवा पाण्यात जाते, ते हा गुणांक सांगतो. शांत खोलीत तो पाच ते दहा असेल. पंखा लावताच पंचवीस-तीस होईल. नळीतून वेगाने पाणी वाहू लागले तर हजारांत जाईल, आणि पाणी उकळू लागले की त्याहूनही वर. त्याचा तक्ता 'लोखंड', 'तांबे' अशा रकान्यांनी मांडता येत नाही. तो परिस्थितीचा आकडा आहे.

एक घरगुती हिशेब मांडतो. दीड मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या लोट्यात गरम पाणी ओतून ठेवले. पाण्याची उष्णता बाहेर जाताना तिला तांब्याचा पत्रा ओलांडावा लागतो आणि मग पत्र्याला बिलगलेला हवेचा थर. जाडीला वाहकतेने भागले की पत्र्याचा अडथळा मिळतो. संक्रमण-गुणांकाने एकास भागले की हवेचा. गुणांक दहा धरला तर हवेचा अडथळा पत्र्याच्या अडथळ्याच्या सुमारे पंचवीस हजारपट भरतो. लोटा तांब्याऐवजी स्टेनलेस स्टीलचा घेतला, म्हणजे वाहकता सव्वीसपटींहून अधिक घटली, तरीही हवेचा अडथळा पत्र्याच्या हजारपट राहतोच. 'तांबे उत्तम वाहक, म्हणून तांब्याच्या भांड्यातले पाणी लवकर निवते' हे विधान त्यामुळे फोल ठरते. उलट, चिंचेने लखलखीत घासलेला लोटा मळकट लोट्यापेक्षा थोडा सावकाशच निवेल, कारण चकाकणारी धातू प्रारण कमी करते. वाहकतेचा त्यात काही हात नाही.

हा हिशेब आज आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला करता येतो. तो मुळात मांडता यावा यासाठी मात्र इतिहासाला बरेच वळसे घ्यावे लागले.

त्याचा आरंभ न्यूटनपासून करण्याची प्रथा आहे आणि ती योग्य आहे. १७०१ मध्ये लंडनच्या 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स'मध्ये उष्णतेच्या अंशांचे कोष्टक देणारा एक छोटा लॅटिन लेख छापून आला. लेखावर नाव नव्हते. लेखक न्यूटन होते. जवसाच्या तेलाचा तापमापक जेथवर चालतो त्याच्या पलीकडची तापमाने मोजायची कशी, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी लोखंडाचा तापवलेला तुकडा निवत ठेवला, त्यावर वेगवेगळ्या धातूंचे कण ठेवले आणि ते केव्हा थिजतात ते पाहिले. तापलेली वस्तू किती उष्णता गमावते ते तिच्या व भोवतालच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात असते, हे गृहीत धरून त्यांनी वेळेवरून तापमान काढले. आज आपण याला न्यूटनचा शीतलनाचा नियम म्हणतो आणि त्यात संक्रमण-गुणांक घालून शिकवतो. न्यूटनच्या लेखात असा गुणांक कोठेच नाही. ती भर पुढच्यांची. त्यांची खरी सूक्ष्मता मला दुसरीकडे दिसते. लोखंड त्यांनी स्थिर हवेत न ठेवता एकसारख्या वाहणाऱ्या वाऱ्यात ठेवले, म्हणजे तापलेली हवा सतत दूर जाईल आणि तिच्या जागी तितकीच थंड हवा येत राहील. वाऱ्याचा वेग बदलला तर हिशेब बदलतो, हे त्यांनी नाव न देता ओळखले होते. गुणांकाला नाव मिळण्याआधी शंभर वर्षे तो अशा रीतीने एका माणसाच्या प्रयोगात येऊन गेला.

वाहकतेचा शोध निराळ्या दिशेने चालला होता. कोणती धातू उष्णता अधिक चांगली नेते? १७८० च्या दशकात यान इंगेनहाउझ या डच वैद्याने, वनस्पतींवर प्रकाशाची क्रिया दाखवणारा तोच हा, बेंजामिन फ्रँकलिनच्या सूचनेवरून एक प्रयोग केला. समान जाडीच्या निरनिराळ्या धातूंच्या तारांवर मेणाचा लेप दिला, त्यांची टोके गरम तेलात बुडवली आणि कोणत्या तारेवर मेण किती लांबवर वितळते ते पाहिले. चांदी पहिली आली. हा प्रयोग अजूनही शाळांतून दाखवला जातो, पण त्यातील मर्म क्वचितच सांगितले जाते. मेण कोठवर वितळेल हे एकट्या वाहकतेवर ठरत नाही. तारेतून पुढे सरकणारी उष्णता वाटेत दोन्ही अंगांनी हवेत गळत असते. हे अंतर वाहकता आणि संक्रमण-गुणांक यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर अवलंबून असते. सर्व तारांवर सारखेच मेण असल्याने गळती सारखी झाली आणि वाहकतांची तुलना शक्य झाली. मेणाच्या लेपाने येथे दोन कामे केली, एक दिसणारे आणि एक न दिसणारे.

लोहाराला हे गुणोत्तर हातानेच ठाऊक असते. अडीच फूट लांबीच्या, बोटभर जाडीच्या सळईचे एक टोक भट्टीत लाल होते आणि दुसरे तो उघड्या हाताने धरतो. लोखंड वाहक आहे, मग हात का पोळत नाही? कारण उष्णता हाताशी पोहोचण्यापूर्वीच वाऱ्याने लुटली जाते. सळई आखूड असती, किंवा भोवती हवाच नसती, तर लोखंडाची वाहकता तीच असूनही चटका बसला असता.

जाँ-बाप्तिस्त बियो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०४ च्या सुमारास नेमका हाच प्रयोग मोजमापाने केला. सळईत ठिकठिकाणी भोके, त्यांत पारा आणि तापमापक, एक टोक उष्णतेत. तापमान अंतराबरोबर भूमितीश्रेणीने घटते हे त्याला आढळले. सळईचा प्रत्येक लहान भाग मागून उष्णता घेतो, पुढे देतो आणि हवेतही गमावतो, ही कल्पनाही त्याला होती. पण ती समीकरणात उतरवताना तो अडला. शेजारच्या दोन बिंदूंमधील देवाणघेवाण आणि पृष्ठभागावरची गळती या दोन भिन्न जातीच्या राशी एकाच तराजूत तोलल्या की पारडी जुळत नाहीत. बियोचे पाऊल येथेच थांबले.

ते पुढे टाकले जोसेफ फूरिए यांनी. नेपोलियनबरोबर इजिप्तची मोहीम करून आलेला हा गणिती १८०२ पासून ग्रनोबल येथे जिल्ह्याचा कारभार पाहत होता. दलदली बुजवणे, रस्ते बांधणे या सरकारी कामांतून वेळ काढून त्याने उष्णतेचा अभ्यास केला. डिसेंबर १८०७ मध्ये त्याने आपला प्रबंध पॅरिसच्या संस्थेपुढे ठेवला. लाग्रांजसारख्यांना त्याची त्रिकोणमितीय श्रेणी पटली नाही, बियोने तर पुढे बरीच वर्षे टीका चालू ठेवली, आणि ग्रंथ छापून येण्यास १८२२ उजाडले.

फूरिएच्या श्रेणीची कीर्ती सर्वत्र आहे. माझ्या मते त्याचे तितकेच मोठे, पण कमी गौरवले गेलेले काम म्हणजे त्याने केलेली फारकत. त्याने सांगितले की प्रत्येक वस्तूच्या ठायी दोन वाहकता मानल्या पाहिजेत: एक आतली, जी वस्तूच्या कणाकणांमधून उष्णता नेते, आणि एक बाहेरची, जी पृष्ठभागावरून ती भोवतालच्या माध्यमाला देते. आतलीला त्याने 'के' हे अक्षर दिले आणि बाहेरचीला 'एच'. इंदूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला मुलगा आज वहीत जी दोन अक्षरे लिहितो ती त्या ग्रंथातून चालत आलेली आहेत. बाहेरची वाहकता पृष्ठभागाच्या स्वरूपावर आणि माध्यमावर अवलंबून असते हे त्याने ओळखले होते, आणि व्याख्या करताना हवेचा प्रवाह एकसारखा धरला होता. न्यूटनचा वारा येथे पुन्हा भेटतो.

फारकत केल्यावर त्याने आणखी एक गोष्ट केली. राशींची परिमाणे तपासली. त्याच ग्रंथात त्याने एक छोटे कोष्टक दिले आहे: लांबीचे एकक बदलले तर कोणती राशी कितव्या घाताने बदलते. आतल्या वाहकतेत लांबी एकदा येते, बाहेरच्यात दोनदा. म्हणजे दोन्ही राशींना त्याने 'वाहकता' हे एकच आडनाव दिले असले, तरी त्या सख्ख्या बहिणी नाहीत. त्यांची बेरीज-वजाबाकी संभवत नाही. बियोची पारडी का जुळली नाहीत त्याचे उत्तर या कोष्टकात आहे. मात्र बाहेरच्या वाहकतेला वस्तूच्या लांबीने गुणून आतल्या वाहकतेने भागले, तर शुद्ध संख्या उरते, एकक नसलेली. गोल निवतो कसा, या फूरिएच्या गणितात ही संख्या येते. ती मोठी असेल तर पृष्ठभाग झटकन थंड होतो आणि गाभा तापलेलाच राहतो. लहान असेल तर सारा गोल एका तापमानाने सावकाश निवतो. आजच्या पाठ्यपुस्तकांत हिला 'बियो अंक' म्हणतात. ज्याला समीकरण साधले नाही आणि ज्याने साधणाऱ्यावर टीका केली, त्याचेच नाव तिला चिकटले! इतिहासाचा हा विनोद फूरिएला आवडला असता की नाही, सांगवत नाही.

परिमाणांच्या त्या कोष्टकातून आणखी एक मौज निघते. वाहकतेला संक्रमण-गुणांकाने भागले तर उत्तर लांबीत येते. ही लांबी कशाची? बारीक तारेवर आवरण चढवताना ती समोर येते. आवरणाची जाडी वाढते तसा आतला अडथळा वाढतो, पण बाहेरचा पृष्ठभागही वाढतो आणि उष्णतेला पळायला अधिक अंगण मिळते. आवरणाची बाहेरची त्रिज्या या लांबीइतकी होईपर्यंत दुसरा परिणाम पहिल्यावर मात करतो. आवरणाची वाहकता ०.१५ आणि गुणांक १० धरला तर ही त्रिज्या पंधरा मिलिमीटर येते. म्हणून घरातल्या विजेच्या तारेवरचे प्लॅस्टिक तिला उबदार न ठेवता उलट थंड ठेवते.

फूरिएनंतर वाहकतेची वाट मोकळी झाली. एडिंबरोच्या जेम्स फोर्ब्ज यांनी लोखंडाच्या सळईवर दोन प्रयोग जोडीने केले: एकात लांब सळई स्थिर अवस्थेत, दुसऱ्यात तशीच आखूड सळई तापवून निवत ठेवलेली. दुसरीवरून हवेतील गळती कळली, ती पहिलीच्या हिशेबात वजा घातली, आणि लोखंडाची वाहकता स्वतंत्रपणे हाती आली. 'फोर्ब्जची सळई' हा प्रयोग आपल्याकडच्या जुन्या पदवी अभ्यासक्रमातील कित्येकांना आठवत असेल. तासन् तास तापमापक वाचण्याचा तो कंटाळा व्यर्थ नव्हता. बियोचा पेच त्यातूनच सुटत होता.

संक्रमण-गुणांक मात्र अनाथच राहिला. प्रत्येक बॉयलरवाल्याचा आपला आकडा, प्रत्येक कारखान्याचे आपले सूत्र. वाऱ्यावर, आकारावर, खरबरीतपणावर बदलणारी ही राशी कोणत्याही नियमात बसेल असे वाटत नव्हते. १९०४ मध्ये लुडविग प्रांट्ल यांनी दाखवले की वाहत्या द्रवाचा किंवा वायूचा जो थर पृष्ठभागाला लागून असतो तो घर्षणाने जवळजवळ खिळलेला असतो आणि सारा मोठा बदल त्या पातळ थरातच घडतो. उष्णतेच्या बाजूने हे सूत्र हाती घेतले विल्हेल्म नुसेल्ट या जर्मन अभियंत्याने. त्याचा डॉक्टरेटचा प्रबंध उष्णतारोधक पदार्थांच्या वाहकतेवर होता. म्हणजे त्याने आधी 'के' मोजला आणि मग 'एच'कडे वळला. हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. १९१५ च्या निबंधात त्याने संक्रमण-गुणांकाला वस्तूच्या लांबीने गुणले आणि वाहकतेने भागले. सूत्र दिसायला हुबेहूब फूरिएचे. पण ही वाहकता घन वस्तूची नसून तिला स्पर्श करणाऱ्या हवेची किंवा पाण्याची आहे.

आपल्या विषयाचे उत्तर या एका बदलात आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. पृष्ठभागाला बिलगलेल्या त्या खिळलेल्या थरातून उष्णतेला वहनानेच जावे लागते; दुसरा मार्ग नाही. त्यामुळे संक्रमण-गुणांक म्हणजे ढोबळ मानाने माध्यमाची वाहकता भागिले त्या थराची जाडी. शांत हवेत गुणांक पाच असेल तर थर पाच मिलिमीटरचा. वाऱ्याने गुणांक पंचवीस झाला तर थर एका मिलिमीटरचा उरला. वारा हवेची वाहकता वाढवत नाही; तो थर खरवडून पातळ करतो. फुंकर घातल्याने चहा निवतो त्याचा एक वाटा याच खरवडण्याचा आहे, दुसरा बाष्पीभवनाचा. भांडे तांब्याचे की लोखंडाचे हे त्या सूत्रात कोठेच येत नाही. धातूची वाहकता बियोच्या अंकात येते, हवेची नुसेल्टच्या. परीक्षेत गुण जातात ते या दोन अंकांच्या सारखेपणामुळे, आणि घरे बांधताना पैसे जातात तेही त्यामुळेच.

घरांचे उदाहरण मी सहज घेतलेले नाही. माळव्याची रात्र शीतल म्हणून नावाजलेली असली, तरी वैशाखातली दुपार कोणाचीही गय करीत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला कोणी सांगते की पत्रा जाड घ्या. पत्र्याचा स्वतःचा अडथळा इतका नगण्य आहे की तो दुप्पट केला काय आणि दसपट केला काय, फरक जाणवणार नाही. जो काही आडोसा आहे तो पत्र्याच्या वर-खाली बिलगलेल्या हवेच्या थरांचा. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याचे किंवा गवताचे छत करून मध्ये हवा कोंडणारी म्हातारी माणसे योग्य करीत होती; त्यांनी हवेच्या ०.०२६ चा उपयोग केला. नऊ इंची विटेच्या भिंतीत मात्र दोन-तृतीयांश अडथळा विटेचा आणि उरलेला हवेच्या थरांचा, अशी वाटणी येते, आणि तेथे भिंतीची जाडी खरोखर कामाला येते. महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुतज्ज्ञाकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, तेव्हा त्यात वातानुकूलनाची सोय केली होती. हिंदुस्थानात ती त्या काळी अपूर्वाईची गोष्ट. भिंतीतून आत आलेली उष्णता यंत्राने बाहेर काढणे हा राजाचा मार्ग. ती आत येऊच न देणे हा रयतेचा.

याच शहरात दुसऱ्या टोकाचे उदाहरणही आहे. १९८४ मध्ये सुखनिवासजवळ स्थापन झालेले आणि आता राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखले जाणारे प्रगत तंत्रज्ञान केंद्र आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तेथील इंडस-२ या १७२ मीटर परिघाच्या वलयात इलेक्ट्रॉन फिरवण्यासाठी जी विद्युत्-चुंबके आहेत, ती तापू नयेत म्हणून त्यांना पाण्याने थंड ठेवले जाते. अशा कामी तांब्यासारखी उत्तम वाहक धातू घेतली तरी प्रश्न संपत नाही. दोन मिलिमीटर तांबे उष्णता विनासायास ओलांडते. खोळंबते ती पाण्याच्या अंगाशी चिकटलेल्या, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या थरात. त्याचा अडथळा तांब्याच्या तीसपटींहून अधिक असतो. म्हणून पाणी वेगाने खेळवावे लागते. खळाळत्या प्रवाहात वेग दुप्पट केला की गुणांक सुमारे पावणेदोनपट होतो. या पाण्याला तंत्रज्ञ 'कमी वाहकतेचे पाणी' म्हणतात. ही वाहकता विजेची बरे का, उष्णतेची नव्हे! परिभाषेचे भूत प्रयोगशाळेच्या दारापर्यंत पाठलाग करते.

तांब्याच्या लोट्यात आणि चुंबकाच्या नळीत अडथळा बाहेरच्या थराचा होता. आता ज्या प्रकरणासाठी आपण एवढे चाललो तेथे अडथळा आत आहे.

१९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर इंदूरची वनस्पती-उद्योग संस्था उभी केली. आज त्या आवारात कृषी महाविद्यालय आहे. १९३१ पर्यंत हॉवर्ड येथे होते. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांपासून तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची त्यांची पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. या शहराचे नाव जगातल्या शेतकऱ्यांच्या ओठांवर गेले ते होळकरांच्या तलवारीमुळे नव्हे, खताच्या खड्ड्यामुळे, असे मी म्हटले तर कोणी रागावू नये. १९३१ मध्ये या पद्धतीवर जे पुस्तक ऑक्सफर्डने प्रसिद्ध केले, त्यावर दोन लेखकांची नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. संस्थेच्या रसायन विभागात काम करणाऱ्या या वाडांचे, आपल्या कानाला घरचे वाटणारे नाव नंतरच्या गौरवलेखांतून गळत गेले. सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून हॉवर्ड यांचा उल्लेख होतो. शेजारचे नाव फार थोड्यांना आठवते. शाळेच्या या पुस्तिकेत तरी ते छापले जावे, एवढी माझी विनंती आहे.

आता खड्ड्याकडे पाहू. लांबी तीस फूट, रुंदी चौदा, खोली दोन फूट आणि बाजू उतरत्या. कपाशीच्या पळ्हाट्या कठीण, म्हणून त्या आधी गाडीवाटेवर पसरून चाकांखाली चिरडून घेत. थरावर थर रचून, पाणी शिंपडून खड्डा भरला की जिवाणू आपले काम सुरू करतात आणि तापमान ६५ अंशांच्या घरात जाते. ही उष्णता कोणत्याही भट्टीची नाही. ढीग स्वतःच स्वतःला तापवतो. तो तापलेला राहतो, कारण ओल्या, सैल, हवेने पोकळ झालेल्या काडीकचऱ्याची वाहकता फार थोडी, पाण्याच्या ०.६ हूनही कमी. ती ०.४ धरली तर एक फूट जाडीच्या थराचा अडथळा वरच्या हवेच्या थराच्या सुमारे सातपट होतो. हा ढोबळ अंदाज आहे; ढिगातून वाफही निसटते आणि तिचा हिशेब निराळा. पण बियो अंक एकाहून बराच मोठा आहे एवढे यातून निश्चित होते. अंक मोठा म्हणजे काय, हे फूरिएच्या गोलावरून आपण पाहिलेच: गाभा तापलेला, साल थंड.

साल थंड म्हणून सालीतला कचरा कुजत नाही. त्यावर उपाय कोणता? वारा अडवून संक्रमण-गुणांक कमी केला तरी फारसे साधणार नाही, कारण मुख्य अडथळा बाहेर नाहीच. काडीकचऱ्याची वाहकता आपल्या हातात नाही. ढीग खोल केला तर उष्णता अधिक टिकेल, पण तळाशी हवा पोहोचणार नाही आणि जिवाणू गुदमरतील. उष्णता म्हणते खोल खणा, हवा म्हणते उथळ ठेवा. दोन फुटांची खोली हा त्या भांडणातला तह आहे. उरला एकच मार्ग: साल आत आणि गाभा बाहेर करायचा. म्हणून इंदूर पद्धतीत खत तीनदा उलथले जाते. उलथण्यापूर्वी तापमान उतरू लागते. उलथल्यावर नवी हवा मिळते, बाहेरचा न कुजलेला भाग आत जातो आणि तापमान पुन्हा चढते. असे करत नव्वदाव्या दिवसाच्या सुमारास ते तीस अंशांवर येते. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचते म्हणून हेच काम जमिनीवर ढीग रचून चालत असे.

हॉवर्ड आणि वाड यांनी बियो अंक मांडला होता असा माझा दावा नाही. त्यांना त्याची गरजही नव्हती. त्यांनी तापमापक खुपसून रोजची नोंद ठेवली आणि नोंदीवरून उलथण्याचे दिवस ठरवले. फूरिएने लोखंडाच्या कडीत भोके पाडून जे केले तेच त्यांनी शेणात केले. शेणात हात घालून केलेल्या मोजमापाला पदार्थविज्ञानात जागा नसते, अशी एक सोवळी समजूत आपल्या शिक्षणात आहे. तिची पर्वा न करणारी माणसे या शहरात होऊन गेली. २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिले येणाऱ्या इंदूरला ओल्या कचऱ्याचे महत्त्व आता पटवून द्यावे लागत नाही, पण खड्ड्यातल्या तापमापकाचे महत्त्व अजून द्यावे लागते.

म्हणून मुख्याध्यापकांपुढे एक सूचना ठेवतो. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत एक खड्डा खणावा. पूर्ण मापाचा नको, सहा फूट बाय चार फूट पुरे, खोली मात्र दोन फूटच. मधल्या सुटीतले उष्टे, बागेतला पाला आणि थोडे शेण मिळवणे अवघड नाही. त्यात दोन तापमापक असावेत, एक वितीवर आणि एक तळाशी, आणि नववीच्या मुलामुलींनी तीन महिने रोज प्रार्थनेनंतर दोन्ही वाचून आलेखावर टिंबे मांडावीत. लहान खड्ड्याची उष्णता कडांनी अधिक गळेल, त्यामुळे ६५ अंश बहुधा गाठले जाणार नाहीत. किती कमी पडतात आणि का, हा प्रश्न मुलांनाच घालावा. वेळ साधारण दिवाळीनंतरची घ्यावी, म्हणजे पाऊस संपलेला असतो आणि वार्षिक परीक्षेपूर्वी तिसरे उलथणे होऊन जाते. तापमापक काचेचे न घेता धातूच्या नळीतले घ्यावेत. काचेचे पळ्हाट्यांत मोडतात.